हवेतली वेस

ज्याला आपण आज घरोघरी वायफाय म्हणतो, त्याचा नियमग्रंथ १९९९ साली सुधारून छापला गेला. इंजिनिअरांचा ग्रंथ तो, कवीनं मुद्दाम वाचावं असं त्यात फारसं काही नाही. पण त्यात एक तक्ता आहे, आणि तो मला जुन्या जकातनाक्यावरच्या दरपत्रकासारखा वाटतो. एका बाजूला १ ते १४ असे आकडे. हे चॅनेलचे क्रमांक. दुसऱ्या बाजूला सहा नावं : अमेरिका, कॅनडा, युरोप, स्पेन, फ्रान्स आणि जपान. कुठल्या मुलखात कुठल्या चॅनेलवर बोलायची मुभा आहे, ते त्यात खुणा करून दाखवलं आहे. अमेरिकेला पहिले अकरा. युरोपला तेरा. फ्रान्सला मात्र १० ते १३ एवढेच, कारण बाकीची जागा तिथल्या लष्कराकडे होती. स्पेनला १० आणि ११, दोनच. आणि जपानला त्यावेळी एकच, चौदावा, जो दुसऱ्या कुणालाच नव्हता. भारताचं नाव त्या तक्त्यात नव्हतं.

गंमत अशी, की कार्ड सगळीकडे एकच होतं. लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवायचं ते पत्त्याएवढं कार्ड एकाच साच्यातून निघायचं आणि जगभर विकलं जायचं. त्यातली चिप चौदाही चॅनेलवर बोलू शकत होती. फक्त कारखान्यातून बाहेर पडताना कार्डावरच्या एका चिमुकल्या स्मृतीत एक आकडा लिहून ठेवलेला असे. तो आकडा म्हणजे देश. कार्डाला चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला संगणकवाले ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा ड्रायव्हर कामावर रुजू होताना आधी तो आकडा वाचायचा आणि मग ठरवायचा, की गाडी कुठवर न्यायची आणि कुठे थांबवायची. त्यामुळे अमेरिकेहून भाच्यानं आणलेला लॅपटॉप इथे तेराव्या चॅनेलवरच्या राउटरकडे बघायलाही तयार नसे. समोर भिंतीवर राउटर लुकलुकतो आहे, आणि लॅपटॉप सांगतो आहे, इथे कुणीच नाही!

हा आकडा बदलण्याची, तो वाचणाऱ्या ड्रायव्हरलाच फितवण्याची, आणि असं कुणी करू नये म्हणून झालेल्या खटपटींची हकिकत आज सांगायची आहे.

हवा कुणाच्या मालकीची, हा प्रश्न वायफायहून पुष्कळ जुना आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं कायदा केला, की बिनतारी संदेश पाठवायचा तर परवाना घ्या. आपल्याकडे १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा याहून कडक होता. संदेश पाठवणं तर सोडाच, परवान्याविना यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. माझ्या लहानपणी आमच्या अब्बांकडे रेडिओच्या लायसनचं एक पुस्तक होतं. दर वर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. ऐकण्यासाठी परवाना! १९८० च्या दशकाच्या मध्यात ते प्रकरण एकदाचं संपलं. तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत, त्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत असं पुस्तक अजून सापडेलही.

पण यामागे निव्वळ सरकारी हौस होती, असं म्हणता येणार नाही. कविसंमेलनात दोन कवी एकाच माईकवर एकाच वेळी उभे राहिले, तर दोघांपैकी कुणाचंच ऐकू येत नाही. लहरींचंही तसंच आहे. विमानाचा, जहाजाचा, पोलिसाचा, हवामान खात्याचा आवाज गर्दीत बुडू नये म्हणून कुणीतरी पाळी लावून द्यावी लागते.

१९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संचार आयोगानं एक वेगळाच निर्णय घेतला. मायकेल मार्कस नावाचे एक अभियंते त्यासाठी आयोगात काही वर्षं धडपडत होते. निर्णय असा, की लहरींचे दोन-तीन पट्टे परवान्याविना सगळ्यांना खुले करावेत. हे पट्टे तसे कुणाला नकोच होते. त्यातला एक म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा, जिथे स्वयंपाकघरातले मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कारखान्यांतली तापवायची यंत्रं आधीपासून घुंगावत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर ते गायरान झालं. कुणीही यावं, आपली गुरं चारावीत. अटी मोजक्याच : आवाज ठरावीक मर्यादेत ठेवायचा, ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्यांचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. पुढे जन्मलेलं वायफाय या गायरानावरच वाढलं.

मात्र प्रत्येक देशानं आपल्या गायरानाची हद्द वेगळी आखली. चॅनेलचे आकडे वेगळे, तसा आवाजही वेगळा. अमेरिकेत यंत्रातून एक वॅटपर्यंत ताकद चालते, युरोपात अँटेनासकट सगळं मिळून वॅटचा दहावा हिस्सा. आणि जबाबदारी टाकली ती बनवणाऱ्या कंपनीवर. तुमचं यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावरही मर्यादा ओलांडणार नाही, याची हमी द्या, मगच विक्रीची मान्यता.

जुन्या काळी ही हमी देणं सोपं होतं. यंत्राची लहर त्यातल्या स्फटिकावर ठरायची. ती बदलायची तर झाकण उघडून, डाग देऊन स्फटिक बदलावा लागे. ते येरागबाळ्याचं काम नव्हतं. पण २००० नंतरच्या चिपा निराळ्या निघाल्या. कॅलिफोर्नियातल्या अथेरॉस या कंपनीची चिप घ्या. तिला कुठल्या लहरीवर बोलायचं हे सांगणारा नुसता एक आकडा पुरे. वायफायच्या गायरानाबाहेरही ती बरंच इकडेतिकडे फिरू शके. म्हणजे कुंपण आता लोखंडात उरलं नव्हतं, ते प्रोग्रॅमच्या चार ओळींमध्ये आलं होतं. आणि प्रोग्रॅमच्या ओळी ज्याला वाचता येतात, त्याला त्या खोडताही येतात.

इथे लिनक्सवाल्यांची गाठ पडली. लिनक्स आणि त्याची चुलत भावंडं, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी वगैरे, यांचा रिवाज असा, की प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ उघडी असली पाहिजे. ज्याला हवी त्यानं वाचावी, सुधारावी. अथेरॉसची अडचण अशी, की ओळी उघड्या केल्या तर उद्या कुणीही कुंपण काढेल आणि आयोग आपली मान धरेल. यातून तोड निघाली ती २००३ च्या सुमारास. सॅम लेफ्लर या जुन्याजाणत्या प्रोग्रॅमरनं ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा उघडा. लिनक्सवर त्याला ‘मॅडवायफाय’ हे नाव पडलं. खालचा तुकडा, जो चिपशी प्रत्यक्ष बोलतो आणि जिथे देशोदेशीच्या मर्यादा लिहिल्या आहेत, तो बंद. तो वाचता येणार नाही अशा यंत्रभाषेतच दिला जाईल. म्हणजे घर तुमचं, माजघराला मात्र आमचं कुलूप.

या कुलपावरून मला डीव्हीडीची आठवण होते. जगाचे सहा विभाग पाडले होते, आपण पाचव्यात. अमेरिकेत घेतलेली तबकडी इथल्या यंत्रात चालायची नाही. संगणकातल्या यंत्रावर विभाग बदलायची सोय होती, पण पाचच वेळा. त्यानंतर ते कायमचं एका विभागाला चिकटायचं. गिऱ्हाइकाला दोन्ही कुलपं सारखीच दिसली. आपल्या पैशानं घेतलेली वस्तू आपलं ऐकत नाही, एवढंच त्याला कळतं. पण दोन्हींत मोठा फरक आहे. डीव्हीडीचं कुलूप व्यापाऱ्याच्या मालाची राखण करत होतं. कार्डाचं कुलूप निदान नावापुरतं तरी सगळ्यांच्या हवेची राखण करत होतं. म्हणून डीव्हीडीचं कुलूप काढणाऱ्याविषयी मला जेवढी आपुलकी वाटते, तेवढी कार्डाचं कुलूप काढणाऱ्या सरसकट सगळ्यांविषयी वाटत नाही. मात्र एक गोष्ट खरी. बंद माजघरात नुसते कायदेच नव्हते. तिथे प्रोग्रॅममधल्या चुकाही होत्या, आणि त्या दुरुस्त करायची मुभा कुणालाच नव्हती. लिनक्सची नवी आवृत्ती आली, संगणकाचा वेगळा मेंदू आला, की बंद तुकडा अडून बसायचा. कायद्याच्या पांघरुणाखाली बरंच काही झाकून जातं.

ओपनबीएसडीवाल्यांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. त्यांच्यातल्या राइक फ्लोटर या जर्मन तरुणानं चिपशी होणारं बोलणं बारकाईनं तपासलं. कुठला आकडा कुठल्या खणात टाकला की चिप काय करते, याची टिपणं काढली, आणि बंद तुकड्याच्या जागी स्वतःचा उघडा तुकडा लिहिला. कुलूप न फोडता किल्लीचे दाते मोजावेत, तसं हे काम. २००५ मध्ये ते ओपनबीएसडीच्या नव्या आवृत्तीतून लोकांच्या हाती गेलं. इंटेलनं २००६ मध्ये आपल्या एका कार्डाबरोबर लिनक्ससाठी वेगळीच युक्ती केली. ड्रायव्हर उघडा, पण त्याच्या शेजारी एक बंद राखणदार प्रोग्रॅम सतत चालू ठेवायचा, तो मर्यादा सांभाळणार. ओपनबीएसडीवाल्यांनी त्या राखणदाराशिवायच कार्ड चालवून दाखवलं. इंटेलनंही पुढच्याच वर्षी त्याला निवृत्त केलं आणि ते काम कार्डाच्या पोटातल्या प्रोग्रॅमकडे सोपवलं.

फ्लोटरचं काम म्हणजे चोरी आहे का, अशी कुजबुज होती. त्यामुळे लिनक्सवाले ते घ्यायला कचरत होते. अमेरिकेतल्या मुक्त प्रोग्रॅमवाल्यांच्या एका विधी संस्थेनं ते तपासून २००६ च्या अखेरीस सांगितलं, की नक्कल झालेली नाही. मग २००७ मध्ये, परवान्याच्या ओळी कुणी कशा बदलल्या, यावरून लिनक्स आणि ओपनबीएसडी यांच्यात जी भाऊबंदकी झाली, तिच्या तपशिलात मी शिरत नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये त्या कामावर आधारलेला ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच अथेरॉसनं पवित्रा बदलला. नव्या चिपांसाठी स्वतःच उघडा ड्रायव्हर दिला, आणि वर्ष संपता संपता माजघरातला जुना तुकडाही सगळ्यांसाठी खुला केला. पाच वर्षं ज्याची राखण केली, ते अंगणात आणून ठेवलं.

मग कुंपणाचं काय झालं? त्याच वर्षी लिनक्सवाल्यांनी त्याचीही नवी व्यवस्था लावली, आणि माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली सर्वात शहाणपणाची गोष्ट हीच. देशोदेशीचे नियम बंद प्रोग्रॅममधून काढून एका साध्या, कुणालाही वाचता येईल अशा यादीत उतरवले. देशाचं दोन अक्षरी नाव, त्याखाली कुठून कुठपर्यंतच्या लहरी, किती ताकद, घरात की उघड्यावर. यादीवर सांभाळणाऱ्याची सही, म्हणजे वाटेत कुणी खाडाखोड केली तर संगणकाला कळावं. ज्याला आपण कुठल्या देशात आहोत हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी ‘००’ नावाचा एक सर्वात भित्रा देश. आणि कार्डात एक देश लिहिलेला असताना तुम्ही दुसरा निवडलात, तर ड्रायव्हर दोन्हीकडे जे चालतं तेवढंच करणार. म्हणजे मर्यादा आणखी आवळता येईल, सैल करता येणार नाही. शिवाय जवळपासचा राउटर आपण कुठल्या देशाचे आहोत हे सतत सांगत असतो, आणि कित्येक कार्डं त्याच्यावरही विश्वास ठेवतात. शेजाऱ्यानं परदेशातून राउटर आणून तसाच लावला, की तुमचा संगणकसुद्धा मनानं परदेशात जातो!

अर्थात ओळी उघड्या म्हटल्यावर बदलणारे आलेच. ड्रायव्हरमध्ये नियमांची एक वेगळी फाइल असे. तिच्यात दोन-चार ओळी घालून ‘तपासू नकोस, पुढे जा’ असं सांगायचं, आणि ड्रायव्हर पुन्हा बांधायचा. काही जण तर थेट कार्डाच्या स्मृतीतला तो कारखान्यातला आकडाच पुसून दुसरा लिहीत. त्यासाठी लहानसा प्रोग्रॅमही मिळत असे. लिनक्सच्या गाभ्यात असल्या ढिलाईसाठी एक खटका आहे. त्याच्या नावाचाच अर्थ, मान्यतेची जबाबदारी माझ्या शिरावर.

२०१० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींत एक अजब रिवाज पडला होता. आपला देश बोलिव्हिया आहे, असं कार्डाला सांगायचं. कारण त्या यादीत तेव्हा बोलिव्हियाच्या नावापुढे एक वॅटची मुभा लिहिलेली होती. ज्यांना दक्षिण अमेरिका नकाशावर दाखवता आली नसती, असे किती तरी जण रातोरात बोलिव्हियाचे नागरिक झाले. पुढे यादीतली ती नोंद दुरुस्त झाली, तेव्हा मंडळींनी दुसरे देश शोधले. यातून मिळालं काय, तर फारसं काहीच नाही. ताकद दहापट केली तरी मोकळ्या मैदानातसुद्धा आवाज तिप्पट अंतरावरच पोचतो, भिंतीआड त्याहूनही कमी. आणि तुम्ही कितीही ओरडलात तरी समोरच्या राउटरचं उत्तर तेवढ्याच हळू आवाजात येणार. कार्डाचा घसा त्याच्या कुवतीपलीकडे ताणला, की आवाज फाटतो आणि शेजारच्या चॅनेलवर सांडतो. ज्या इमारतीत वीस घरं आणि वीस राउटर आहेत, तिथे असा एक बोलिव्हियन सगळ्यांची झोप मोडतो.

पण ड्रायव्हरमध्ये हात घालणारे सगळेच असे हौशी नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या प्राध्यापकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गंगेच्या खोऱ्यातली खेडी वायफायनं जोडायचा प्रयोग केला. घरातल्या खोलीपुरतं बनवलेलं वायफाय उंच मनोऱ्यांवरून कित्येक किलोमीटर लांब फेकायचं. अडचण अशी, की वायफायमध्ये प्रत्येक निरोपाची पोच लगेच यावी लागते. लहरीला एक किलोमीटर जायला तीन मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. अंतर वाढलं की पोच वेळेत येत नाही, आणि कार्ड समजतं निरोप हरवला, पुन्हा पाठवा. तेव्हा त्यांनी कार्डाचा ड्रायव्हरच बदलला आणि बोलण्याची रीत पाळीपाळीची केली. हे दोघे पुढे मुंबईत पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्र रुग्णालयानं बर्कले विद्यापीठाच्या मंडळींबरोबर तशाच लांब पल्ल्याच्या वायफायवर खेड्यांतली तपासणी केंद्रं जोडली. ड्रायव्हर कुठला? अथेरॉसचाच, मॅडवायफाय, दुरुस्त केलेला. खेड्यातल्या म्हातारीचा डोळा थेनीतला डॉक्टर पडद्यावर बघतो, तिच्याशी बोलतो, आणि मोतीबिंदूसाठी बोलवायचं की थेंबांवर भागेल ते सांगतो. एरवी नुसत्या या उत्तरासाठी तिचा एक दिवसाचा रोजगार आणि बसभाडं गेलं असतं.

यांनी कुंपण तोडलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्यांना बदलायची होती ती वेळेची गणितं. पण वेळेचं गणित आणि देशाचा आकडा एकाच ड्रायव्हरच्या पोटात राहतात. बंद करायचं तर दोन्ही बंद, उघडायचं तर दोन्ही उघडं. व्हेनेझुएलातले एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००६ मध्ये २७९ आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटरवर वायफाय पोचवलं, तेही कारखान्यातला प्रोग्रॅम पुसून दुसरा चढवलेल्या साध्या राउटरांवर. धरमशालेत तिबेटी शाळा, मठ आणि संस्था जोडणारं जाळं २००५ च्या फेब्रुवारीत उभं राहिलं. पहिल्याच महिन्यात आठ ठिकाणं, पुढे दोन हजारांवर संगणक. तिथेही बाजारातले लिंकसिसचे राउटर आणि आत उघडा प्रोग्रॅम. फेब्रुवारीच का, ते शेवटी सांगतो.

आता आभाळाची गोष्ट. १९८५ हे वर्ष मी मघाशी सांगितलं. मे महिन्यात गायरान खुलं झालं. त्याच वर्षी २ ऑगस्टला टेक्सासमधल्या डॅलस विमानतळावर उतरता उतरता डेल्टा कंपनीचं १९१ क्रमांकाचं विमान कोसळलं. १३७ माणसं गेली. वादळी ढगाखाली हवेचा लोट एकदम जमिनीवर आदळतो आणि चहूकडे पसरतो. विमानाला आधी समोरून वारा लागतो, मग क्षणात पाठीमागून, आणि पंखांखालचा आधारच निघून जातो. असे अपघात त्याआधीही झाले होते. यातून अमेरिकेनं मोठ्या विमानतळांजवळ खास हवामान रडारं उभारली, सुमारे पंचेचाळीस. ही रडारं हवेतला तो लोट आधीच ओळखतात आणि वैमानिकाला सावध करतात. त्यांची लहर ५.६ ते ५.६५ गिगाहर्ट्झ.

पुढे वायफायचं २.४ चं गायरान भरून गेलं, तेव्हा ५ गिगाहर्ट्झमध्ये नवी जागा दिली गेली, थेट या रडारांच्या शेजारी. अट अशी, की यंत्रानं आधी कान द्यायचा. रडारचा आवाज आला तर तिथून निमूट उठायचं आणि दुसरीकडे जायचं. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाच्या रडारवर विचित्र पट्टे दिसायला लागले. मध्यापासून कडेपर्यंत सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखे. त्या आऱ्याच्या दिशेला ढग आहे की नाही, ते रडारला दिसेना. शोध घेतला तेव्हा तिकडे छपरांवर लावलेली ५ गिगाहर्ट्झची यंत्रं सापडली. इंटरनेट पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांची. कुठे रडार ओळखण्याची सोयच बंद ठेवलेली, कुठे यंत्र त्या लहरींवर वापरायला मुळी मान्यताच नसलेलं. अमेरिकेतल्या इतर शहरांतही असंच आढळलं. दंड झाले, २०१३ मध्ये टॉवरस्ट्रीम या कंपनीला दोन लाख डॉलरांवर दंडाची नोटीस गेली.

म्हणजे थेनीच्या म्हातारीला ज्या उघड्या ड्रायव्हरमुळे डॉक्टर दिसला, तशाच उघडेपणातून सान हुआनच्या रडारला ढग दिसेनासा होऊ शकतो. दोन्ही खरं आहे, आणि या वादात बोलणारे बहुतेक जण यातलं एकच सांगतात.

आयोगानं २०१४ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांसाठी नियम कडक केले. २०१५ च्या मार्चमध्ये कंपन्यांना एक मार्गदर्शक कागद दिला, आणि त्यात एक प्रश्न असा होता, की डीडी-डब्ल्यूआरटीसारखा बाहेरचा प्रोग्रॅम या यंत्रात चढवता येऊ नये म्हणून तुम्ही काय केलं आहे? हा डीडी-डब्ल्यूआरटी म्हणजे राउटरांसाठी लोकांनी लिहिलेल्या उघड्या प्रोग्रॅमांपैकी एक. रडार वाचवण्यासाठी ताकद आणि लहर यांना कुलूप लावा, असं म्हणण्याऐवजी अख्ख्या राउटरलाच कुलूप लावा, असा त्याचा अर्थ निघत होता. मोठा गहजब झाला. ऑक्टोबरमध्ये डेव्ह टॅट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्या पुढाकारानं अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी आयोगाला पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं उलटं होतं. रेडिओशी बोलणारा प्रोग्रॅम कंपन्यांनी उघडाच ठेवावा, म्हणजे चुका लोकांना दिसतील आणि लवकर दुरुस्त होतील. कारखान्यातले कित्येक राउटर विकले गेल्यावर वर्षानुवर्षं दुरुस्तीविना पडून असतात, त्यातून चोर शिरतात, त्याची काळजी कोण करणार? नोव्हेंबरमध्ये आयोगानं खुलासा केला, की बाहेरच्या प्रोग्रॅमांवर बंदी घालायचा आमचा हेतू नाही, मर्यादा ओलांडता येऊ नये एवढंच हवं.

त्याचा प्रत्यय २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला. टीपी-लिंक कंपनीच्या काही राउटरांमध्ये गिऱ्हाइकाला नुसता देश बदलून जास्त ताकद मिळत होती. ड्रायव्हर फितवण्याचीही गरज नव्हती, कंपनीनंच दार उघडं ठेवलं होतं. आयोगाशी तडजोड झाली, कंपनीनं दोन लाख डॉलर भरले. पण त्याच तडजोडीत कंपनीकडून आणखी एक कबुली घेतली गेली : लोकांचे उघडे प्रोग्रॅम राउटरवर चढवता येतील, असा मार्ग शोधायचा. दंड करणाऱ्यानंच असं लिहून घ्यावं, हे मला विशेष वाटतं. युरोपातही २०१४ च्या रेडिओ निर्देशात असंच एक कलम आलं आणि जर्मनीतल्या मोहल्ल्यांतली मोफत जाळी चालवणारे कार्यकर्ते त्याविरुद्ध उभे राहिले.

आणि आपण? १९९९ च्या तक्त्यात नसलेला भारत लिनक्सच्या यादीत आहे. ‘आय एन’ या दोन अक्षरांखाली आपली नोंद आहे, जेमतेम पाच-सहा ओळींची. जगातला कुठलाही माणूस ती वाचू शकतो, आणि चूक दिसली तर सरकारी कागद दाखवून दुरुस्ती पाठवू शकतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीनं ५ गिगाहर्ट्झची बरीच जागा उघड्यावरच्या वापरासाठी मोकळी केली, तसे यादीतले आपले आकडेही पुढे बदलले. नोंदीला आधार म्हणून दूरसंचार खात्याच्या राजपत्रातल्या ज्या अधिसूचना दिल्या गेल्या, त्यांतली एक आहे क्रमांक ४५ ची, २८ जानेवारी २००५ ची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्याविना वापरायला मुभा देणारी. धरमशालेतल्या मंडळींनी छपरावर पहिली अँटेना चढवली, ती त्यानंतरच्या महिन्यात.